न टाकलेलं पोस्टकार्ड

२० मे २०२५ला जयंत नारळीकर गेले. बातमी वाचली आणि कपाटातून त्यांच्या कथांचं जुनं पुस्तक काढलं. त्यात एक पोस्टकार्ड आहे. नववीत लिहिलेलं, पत्ता घातलेलं, पण पेटीत कधीच न पडलेलं.

त्या वर्षी इतिहासाच्या तासाला पानिपत चालू होतं. १४ जानेवारी १७६१. विश्वासरावांना गोळी लागली, एवढं सांगून सर थांबले. पुढचं त्यांना बोलवेना. वर्ग चिडीचूप. दुसऱ्या दिवशी शास्त्राच्या बाईंनी आपणहून अर्धा तास मागून घेतला आणि नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वाचून दाखवली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात, जिथे ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले! बाकं वाजली. मग बाईंनी फळ्यावर एक टिंब काढलं, त्यातून दोन रेघा काढल्या: एकाच क्षणातून फुटणाऱ्या दोन शक्यता, जशा इलेक्ट्रॉनच्या. इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधीपासून ठामपणे सांगता येत नाही, हे मला त्या दोन रेघांमुळे कळलं. पुढे भौतिकशास्त्र घेतलं, त्याचं मूळ तिथे आहे.

‘कृष्णविवर’ची हकिगतही बाईंचीच. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ती कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून! हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडलेला, पद्मभूषण मिळालेला माणूस, पण कथा कथेच्या गुणावर निवडली जावी असं त्याला वाटलं. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर या गोष्टीसाठी आहे. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा म्हणूनच फार बरं वाटलं.

मुलांनी वही पुढे केली की नारळीकर स्वाक्षरीऐवजी प्रश्न मागत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, असं त्यांचं सांगणं असे. आमच्या वर्गातल्या तिघांनी आयुकाच्या, म्हणजे त्यांच्या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या, पत्त्यावर कार्डं टाकली. कुणी धूमकेतूबद्दल विचारलं, कुणी सूर्यावरच्या डागांबद्दल. माझा प्रश्न कथेतला होता. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला गोष्टीतलं काय विचारायचं, असं वाटून मी कार्ड पुस्तकात ठेवून दिलं. ज्यांनी गोष्ट लिहिली त्यांनाच गोष्टीतलं विचारायचं असतं, हे तेव्हा सुचलं नाही, आणि याची हळहळ फार आहे.

शाई फिकी झाली आहे, पण अक्षर लागतं:

‘आदरणीय सर, ज्या जगात ती गोळी हुकली, तिथल्या वर्गात आज इतिहासाचे सर कुठल्या धड्यापाशी थांबत असतील?’