शॉकअप माझ्या वजनाचा हवा होता

"कंपनी सेटिंग आहे मॅडम, त्याला हात लावायचा नसतो." हे वाक्य मी दोन महिन्यांत मोटरसायकलच्या सर्व्हिस सेंटरच्या एकाच काउंटरवर तीन वेळा ऐकलं आणि प्रत्येक वेळी माझा एक शनिवार गेला. सगळं मार्गी लागून आता बरेच दिवस झाले, तरी त्या काउंटरची आठवण आली की अजून राग येतो.

माझं वजन 52 किलो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पलीकडे माझी शाळा आहे, रोजचं जाऊन-येऊन साधारण 60 किलोमीटर. एसटीच्या वेळा शाळेला जुळत नाहीत म्हणून मोटरसायकल घेतली. पावसाळ्यात तो रस्ता काय होतो हे माहीत असल्यामुळे मुद्दाम उंच, लांब शॉकअपची, 200 सीसीची घेतली. पण पहिल्या महिन्यापासून घरी पोचले की कंबर धरायची. उतारावर खडबडीत जागी ब्रेक लावला की मागचं चाक टणटण उडायचं. त्याची मला भीती वाटायची.

पहिल्या फेरीला सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, कंपनी सेटिंग आहे, हजार किलोमीटर होऊ द्या, शॉकअप बसेल. मी ऐकलं. हजार झाले, पंधराशे झाले, काही बसलं नाही.

दुसऱ्या फेरीला सगळा घोटाळा एका शब्दाने केला. मी म्हणाले, "मागून फार आपटते." जॉबकार्डावर लिहिलं गेलं, 'मागचा शॉकअप आपटतो'. गॅरेजमध्ये 'आपटतो' म्हणजे शॉकअप पूर्ण दबून शेवटाला ठोकर खातो, म्हणजेच मऊ पडतो. मला म्हणायचं होतं नेमकं उलट. शॉकअप दबतच नव्हता, सीटवर आपटत होते ती मी. कोणीही विचारलं नाही की बाई, नक्की काय होतंय? मी सेटिंगबद्दल विचारलं तेव्हा पुन्हा तेच वाक्य. आणि संध्याकाळी गाडी हातात देताना सांगितलं, "कडक करून दिलाय, आता बघा." म्हणजे हात लावायचा नसतो म्हणत हात लावलाच होता, तोही उलट्या बाजूला. सोमवारी घाटात पाठीतून कळ गेली तेव्हा मला ते उमगलं.

तिसरी फेरी मी विसरणार नाही. सकाळची शाळा करून बाराला तिथे पोचले. माझी गाडी चार वाजेपर्यंत पत्र्याखाली तशीच उभी होती, काचेतून मला दिसत होती. चार वाजता ट्रायल घेणारा आला. धिप्पाड माणूस. तो गाडीवर बसला, दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "एक नंबर आहे." मी बाहेर गेले आणि विचारलं, "तुमचं वजन किती?" म्हणाला, "नव्वदला टेकलंय." मी म्हटलं, "मग मी बसते, माझ्या वजनावर बघा." तर सुपरवायझर म्हणतात, "सेटिंग माणसागणिक बदलत नसतं, मॅडम. कंपनी सेटिंग आहे."

मी पिशवीतून गाडीचं पुस्तक काढलं. त्यात चित्रासकट दिलं होतं: मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली फिरणारी रिंग, तिला दहा खाचा, चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे हुक पान्याने फिरवा. त्यांनी पान पाहिलं, पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "पुस्तकात असतं तसं. आणि तो पाना आत्ता आमच्याकडे नाहीये." जॉबकार्डावर शेरा आला, 'चेक केले, ओके'. ते कार्ड मी जपून ठेवलंय.

त्याच संध्याकाळी बाजारातून हुक पाना विकत आणला. रविवारी सकाळी अंगणात नवरा, आठवीतली मुलगी आणि शिवणकामाची टेप घेऊन मी कामाला लागले.

नेमकं काय मोजायचं, ते सांगते. याला सॅग म्हणतात, म्हणजे स्वतःच्या आणि तुमच्या वजनाने गाडी किती बसते ते. आधी नवऱ्याने गाडी साइड स्टँडवर आपल्याकडे ओढून मागचं चाक अधांतरी केलं. मुलीने चाकाच्या नटापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर लावलेल्या चिकटपट्टीच्या तुकड्यापर्यंत मोजलं: 612 मिलिमीटर. मग गाडी चाकांवर सरळ धरली, कोणी न बसता: 610. मग मी बसले आणि पाय फूटपेगवर घेतले. नवऱ्याने समोरून हँडल धरलं होतं: 587.

हे आकडे पाहून माझं सगळं दुखणं समजलं. माझ्या गाडीचं मागचं चाक एकूण 170 मिलिमीटर वर-खाली जाऊ शकतं. स्वार बसल्यावर त्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 50 मिलिमीटर, दबायला हवं. पंचवीस टक्केही चालतं. माझं दबत होतं 25, पंधरा टक्केच. आणि रिकाम्या गाडीचं दोन मिलिमीटर. म्हणजे चाक आधीच जवळजवळ पूर्ण खाली लोंबलेलं. खड्डा आला की चाकाने खाली जाऊन तो चाचपायचा असतो. त्याला खाली जायला जागाच नाही, म्हणून अख्खी गाडी खड्ड्यात पडायची, माझ्यासकट. उतारावर ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि मागचं चाक जमीन सोडतं, ते टणटण उडणं हेच.

रिंग सातव्या खाचेवर होती. पुस्तकाप्रमाणे कंपनीची खाच तिसरी!

टेप धरण्याआधी गाडी दाबून सोडायची आणि एकदा मोजायचं, मग मागून उचलून सोडायची आणि पुन्हा मोजायचं, दोन्हींची सरासरी घ्यायची. शॉकअप घर्षणाने थोडा अडकतो, एकाच मापावर विसंबू नका. शिवाय हेल्मेट, जॅकेट, पाठीवरची वह्यांची बॅग, डबा, सगळं अंगावर घेऊन बसा. माझं ते ओझं सात किलो भरलं.

रिंगमध्ये चिखल बसला होता. जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने साफ केली, तेव्हा फिरली. एकेक खाच कमी करत पहिल्या खाचेवर आणली. रिकाम्या गाडीचा सॅग 20 आणि माझ्यासह 43 आला. पंचवीस टक्के. याच्या खाली जायला खाच उरली नाही. रिंग फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही, ती तेवढीच कडक राहते. बदलतो तो तिचा आधीचा दाब आणि गाडीची उंची. माझ्यासह सॅग जेमतेम भरतोय, पण रिकाम्या गाडीचाच दहा टक्क्यांच्या वर जातोय, म्हणजे ही स्प्रिंगच माझ्यासाठी थोडी कडक आहे. पण आता पाठ दुखत नाही, तेव्हा सध्या बदलत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती: मोजण्याआधी हवा बघा, सकाळी, गाडी थंड असताना. माझ्या मागच्या चाकात पंपावरच्या मुलाने 40 भरली होती, स्टिकरवर 32 लिहिलंय. हवा जास्त असेल तर शॉकअप कितीही नीट लावा, धक्का कमरेला बसतोच.

मागची बाजू खाली आली की आणखी तीन गोष्टी बदलतात. हेडलाइट वर बघायला लागतो, त्याचा स्क्रू फिरवून खाली करा, समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. साइड स्टँडवर गाडी जास्त ताठ उभी राहते, उतारावर लावताना सांभाळा. आणि चेनचा ढिलेपणा बसून तपासा, कारण गाडी दबली की चेन ताणते. मला एक फायदाही झाला: पाय आधीपेक्षा जरा जास्त टेकतात. सप्टेंबरात कासला पर्यटकांच्या गाड्या रस्ता अडवतात, तेव्हा कडेला थांबून उभं राहायला ते फार उपयोगी पडतं.

नवरा चालवतो तेव्हा, तो 78 किलोचा, पाचवी खाच. मी आणि मुलगी दोघी असलो की त्याच्याही वरची. सीटखाली कागद चिकटवून ठेवलाय.

सोमवारी घाट उतरताना शेवटच्या मोठ्या वळणाआधीच्या उखडलेल्या पट्ट्यावर मी मुद्दाम ब्रेक लावला. चाक जमिनीला धरून राहिलं. मी गाडी कडेला घेऊन थांबले आणि घरी फोन केला.

पुढची सर्व्हिस वॉरंटीसाठी त्याच ठिकाणी करावी लागली. जॉबकार्डावर मी माझ्या हाताने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मागच्या शॉकअपला हात लावू नये', आणि खाली सही केली. गाडी घेताना वाकून खाच पाहिली. पहिलीच होती.