नल पॉइंटर एक्सेप्शन, आणि पुढे काहीच नाही

जावा डॉट लँग डॉट नल-पॉइंटर-एक्सेप्शन. म्हणजे नल, 'इथे काहीच नाही' असं मूल्य, वापरायला गेल्यावर जावा प्रोग्राममध्ये उडते ती चूक. बस्स, एवढंच. खाली ना क्लासचं नाव, ना ओळ क्रमांक, ना 'ॲट, ॲट, ॲट' करत उतरत जाणारी ती ओळखीची शिडी. पुढची ओळ तीच, तिच्या पुढचीही तीच. गेल्या महिन्यात एका सकाळी सर्व्हरवरचा लॉग उघडला तेव्हा हे एकच वाक्य ४०,००० हून जास्त वेळा होतं. वाचलं नाही, ग्रेपनं, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या कमांडनं, मोजलं.

स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठल्या मेथडमधून, कुठल्या ओळीवर उडाली ते सांगणारी ती शिडी, नसलेलं एक्सेप्शन म्हणजे 'घरात कुणीतरी पडलंय' एवढाच निरोप. कोण, कुठल्या खोलीत, कशाला अडखळून, ते तुम्ही शोधा.

माझा पहिला संशय अर्थातच माणसांवर. लॉगरला एक्सेप्शन वेगळं द्यायचं सोडून मेसेजलाच प्लस करून चिकटवायचं, हा आमच्याकडचा जुना रोग. तसं केलं की फक्त नाव छापलं जातं, ट्रेस जातो. त्या फाइलला शेवटचा हात टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाचा लागला होता, म्हणून मी त्याला दोन परिच्छेदांचा खरमरीत मेसेज टाकला. त्याचं एका ओळीत उत्तर आलं: "अगं, तू फाइल उघडून तरी बघ." उघडली. त्यानं एक्सेप्शन अगदी नीट, दुसरा पॅरामीटर म्हणून दिलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. माफी मागितली, पण प्रश्न तिथेच.

मग लॉगिंगचं कॉन्फिगरेशन तपासलं. लायब्ररीची आवृत्ती बदलली. पॅटर्नमध्ये ट्रेस कापणारं काही आहे का ते पाहिलं. दीड दिवस गेला. या दीड दिवसात माझ्या लॅपटॉपवर तोच कोड प्रत्येक वेळी पूर्ण ट्रेस देत होता, आणि त्यामुळे माझी जास्तच चिडचिड होत होती.

उलगडा झाला तो योगायोगानं. दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी सर्व्हिस रिस्टार्ट केली आणि लॉगमध्ये पहिल्यांदाच लांबलचक, देखणे ट्रेस आले. थोडा वेळ येत राहिले. मग पुन्हा गायब, पुन्हा ती एकटी ओळ.

तेव्हा कळलं की ट्रेस आमच्यापैकी कुणीच खाल्ला नव्हता, जेव्हीएमनं, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेनं, खाल्ला होता. तोही मुद्दाम. स्टॅक ट्रेस गोळा करणं महागडं काम असतं. एकाच जागेवरून नल पॉइंटरसारखं अंगभूत एक्सेप्शन पुन्हा पुन्हा उडतंय असं दिसलं की हॉटस्पॉट या जेव्हीएमचा ऑप्टिमाइझ करणारा कंपायलर ती मेथड नव्यानं कंपाइल करतो आणि पुढे आधीच घडवून ठेवलेलं एक तयार एक्सेप्शन फेकत राहतो. त्यात ट्रेस नसतो. हे काही गुपित नाही. जावा ५ च्या, म्हणजे २००४ सालच्या, रिलीज नोट्समध्ये लिहून ठेवलंय. बंद करायला फ्लॅगही, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना द्यायचा पर्याय, आहे, 'ओमिट-स्टॅक-ट्रेस-इन-फास्ट-थ्रो' नावाचा, एक्सएक्स-कोलननंतर वजाचं चिन्ह लावून द्यायचा. मी अकरा वर्षं जावा लिहितेय आणि या फ्लॅगचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

ऑप्टिमायझेशन म्हणून मला ते पटतंसुद्धा. पण परिणाम बघा: एखादी चूक जितक्या जास्त वेळा घडेल तितकी ती कमी बोलणार. सुरुवातीचे बोलके ट्रेस कुठल्या तरी जुन्या फाइलमध्ये असणार, आणि आमचं लॉग रोटेशन सात दिवसांच्या पलीकडचं काही ठेवत नाही.

असो. रिस्टार्टनंतरच्या ट्रेसमुळे ओळ सापडली, आणि ती ओळ बघून मी पुन्हा चक्रावले. डावीकडे इंटिजर व्हेरिएबल. मोठ्या 'आय'चा, म्हणजे ज्यात नल आरामात मावतो असा. उजवीकडे टर्नरी, म्हणजे एका ओळीतलं 'असेल तर हे, नसेल तर ते': ग्राहक नवा असेल तर शून्य, नसेल तर मॅपमधून आयडीनं काढलेली सवलत. मॅपमध्ये नोंद नसेल तर नल येईल, नल इंटिजरमध्ये जाऊन बसेल, पुढे आम्ही तो तपासतोच. मग फुटलं कुठे? नलवर कुणी डॉट लावून मेथड बोलावतंय असं त्या ओळीत कुठेही दिसत नाही.

खोट त्या निरुपद्रवी शून्यात होती. टर्नरीची एक बाजू साधी इंट, म्हणजे जिच्यात नल मावतच नाही अशी, आणि दुसरी इंटिजर असेल तर भाषेच्या नियमानं अख्ख्या टर्नरीचा प्रकार इंट ठरतो. म्हणजे मॅपमधून आलेल्या इंटिजरचं वेष्टण आधी काढलं जातं आणि डावीकडे ठेवताना परत गुंडाळलं जातं. आत नल असेल तर वेष्टण काढतानाच स्फोट. शून्याऐवजी नल लिहिलं असतं तर काहीच झालं नसतं. जावा १४ पासून नल पॉइंटरचा मेसेज नेमकं काय नल होतं ते सांगू शकतो, १५ पासून तर न विचारताच सांगतो. आमची ही सर्व्हिस अजून जावा ८ वर आहे, तेव्हा ते सुख दुसऱ्यांचं.

मला खरा राग मात्र टर्नरीचा आला नाही. राग आला तो तिच्यापासून तीस ओळी वर असलेल्या कॅच ब्लॉकचा. रेकॉर्ड घ्या, प्रोसेस करा, काहीही उडालं तर पकडा, लॉग करा, पुढचं रेकॉर्ड घ्या. शेवटी छापा: 'जॉब यशस्वी'. ४०,००० रेकॉर्डं वगळून रोज रात्री जॉब यशस्वी! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

त्या आठवड्यात मी आमच्या रेपोमधले, म्हणजे कोडच्या साठ्यातले, सगळे कॅच ब्लॉक एकेक करून वाचले. ज्यांना सहनशक्तीची परीक्षा द्यायची असेल त्यांनी जरूर वाचावेत. पूर्ण रिकामे होते. 'इथे कधीच येणार नाही' अशी कॉमेंट असलेले होते. एका ठिकाणी फायनली ब्लॉकमध्ये, जो काहीही झालं तरी शेवटी चालतोच त्यात, रिटर्न होता, म्हणजे वर काहीही उडालं तरी ते गडप होऊन कॉलरच्या हाती सभ्यपणे 'ट्रू' येणार. कंपायलर याला एरर म्हणत नाही. वॉर्निंग मागितली तर देतो, आणि आम्ही कधी मागितली नव्हती.

सगळ्यात जास्त रिकामे कॅच चेक्ड एक्सेप्शनचे निघाले, यात नवल नाही. जावाचा आग्रह असा की ही एक्सेप्शनं एकतर पकडा नाहीतर मेथडच्या माथ्यावर जाहीर करा. हेतू उत्तम. पण संध्याकाळी बिल्ड अडकलेलं असताना माणूस काय करतो? आयडीईनं, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरनं, सुचवलेला कॅच स्वीकारतो आणि नंतर बघू म्हणतो. कंपायलर गप्प, माणूस खूश, झाकली मूठ सव्वा लाखाची. इंटरप्टेड एक्सेप्शनची तर आमच्याकडे बारा ठिकाणी अशी वाट लावली होती. थ्रेडला कुणीतरी 'थांब' म्हणतंय आणि आमचा कोड ते ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. मग सर्व्हिस बंद व्हायला एवढा वेळ का लागतो म्हणून आम्हीच तिकीट काढणार.

या सगळ्या तावातावात मी मीटिंगमध्ये म्हणाले, "पडू दे ना प्रोग्राम. पडलेला निदान दिसतो."

आमचे आर्किटेक्ट सहसा बोलत नाहीत. ते म्हणाले, "एरियन ५."

गोष्ट अर्धीमुर्धी ठाऊक होती. ४ जून १९९६, या युरोपीय रॉकेटचं पहिलंच उड्डाण, ६४ बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबताना ओव्हरफ्लो, आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट संपलं. घरी येऊन चौकशी समितीचा अहवाल वाचला तेव्हा आर्किटेक्टना काय म्हणायचं होतं ते समजलं. तिथे एक्सेप्शन गिळलं गेलं नव्हतंच. ते उडालं, आणि ठरल्याप्रमाणे दिशा-वेग मोजणारा कॉम्प्युटर बंद पडला. दुसरा, राखीव, तोही त्याच सॉफ्टवेअरमुळे क्षणभर आधीच बंद पडला होता. बंद पडताना पहिल्यानं आपल्या बिघाडाची माहिती मुख्य कॉम्प्युटरकडे पाठवली. मुख्य कॉम्प्युटरला ती उड्डाणाची आकडेवारी वाटली, आणि त्यानं तिच्या आधारे नॉझल वळवली. वर ज्या गणितात हे घडलं त्याचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. एरियन ४ च्या वेळची सोय म्हणून ते चालू ठेवलं होतं.

म्हणजे चूक ओरडलीसुद्धा, फक्त ऐकणाऱ्याला ते गाणं वाटलं.

ही गोष्ट मला लागली, कारण आमच्याकडे तिची छोटी आवृत्ती होऊन गेलीय. एक बाहेरची सेवा बिघाड झाला तरी स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक', द्यायची आणि बॉडीमध्ये एररचा मजकूर. आमच्या कोडनं २०० बघितलं आणि मजकूर उचलून नावाच्या कॉलममध्ये ठेवला. काही दिवस आमच्याकडे 'इंटर्नल सर्व्हर एरर' या नावाचे बरेच ग्राहक होते. त्यांच्यापैकी काहींना वाढदिवसाच्या शुभेच्छाही गेल्या.

सध्या तो फ्लॅग स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये आहे. टर्नरीच्या जागी चार ओळींचा इफ-एल्स आहे, आणि नव्या मुलानं रिव्ह्यूमध्ये 'हे एका ओळीत बसेल की' अशी कॉमेंट टाकल्यावर त्याला मी तो ट्रेस पाठवला. जॉब आता किती रेकॉर्डं वगळली ते छापतो आणि शंभरापुढे गेली तर स्वतःला नापास करतो. हा शंभर आकडा कुठून आणला, असं आर्किटेक्टनी विचारलं. मी म्हणाले, बघते. रिकाम्या कॅचपैकी दोन मात्र अजून तसेच आहेत. दोन्हींत कनेक्शन बंद करताना उडालेलं एक्सेप्शन दाबलंय, आणि त्याचं करायचं काय ते मला अजून सुचलेलं नाही.