चेक अक्कांचा, नाव कोणाचं?

"भाऊ, हाऊ चेक मनाच शे ना?"

अमळनेरच्या माझ्या टॅक्स कन्सल्टन्सीच्या ऑफिसात पारोळ्याकडच्या एक अक्का बसल्या होत्या. काळा मसाला आणि कळण्याचं पीठ विकतात. पाकिटावर सासूबाईंचं नाव, पुढे 'मसाले'. नाशिकच्या दुकानदाराने त्याच नावाने चेक दिला आणि बँकेने तो घेतला नाही. अक्कांचं बचत खातं त्यांच्या स्वतःच्या नावावर.

बँकेचं बरोबर होतं. एकट्या मालकाच्या धंद्याचं नाव म्हणजे कायद्याने वेगळी व्यक्ती नव्हे, देणी थेट मालकाच्याच अंगावर येतात. पण हे नाव याच बाईचं, असं सांगणारा कागद हवा. धंद्याच्या नावाने करंट खातं उघडायला तसे दोन. कामाला माणसं थोडीच, त्यामुळे 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरली. शिवाय उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी केली. ती फुकट असते, तरी लोक तिचे हजार-दोन हजार उकळतात, याचा मला संताप येतो.

मग आता हे नाव दुसऱ्या कोणाला घेता येणार नाही ना, असं अक्कांनी विचारलं. तसं नाही. हे कागद नाव राखून ठेवत नाहीत, ते काम ट्रेडमार्कचं. शोध घेतला, तर मसाले-पिठांच्या वर्ग 30 मध्ये तेच नाव कोणीतरी नोंदलेलं. वापर 2019 पासूनचा.

"सासूबाईंचं नाव सोडू?" अक्कांचा आवाजच बसला.

मी म्हटलं, घरात जुनं जे काही असेल ते आणा. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा आला. त्यात हळदीचे डाग पडलेलं छापखान्याचं बिल: 2014, पाचशे पिशव्या, नाव तेच. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 34 प्रमाणे आधीपासून सलग नाव वापरणाऱ्याला नंतर आलेला नोंदणीधारक अडवू शकत नाही. सगळा जोर त्या 'सलग'वर. म्हणून एकेक वर्ष लावत बसलो. बचत गटाच्या प्रदर्शनातल्या पावत्या, छपाईची बिलं... 2020 चं काहीच सापडेना. शेवटी गावच्या किराणा दुकानदाराने उधारीची वही काढून दिली. त्या वर्षी उचललेली पाकिटं तारखेनिशी लिहिलेली होती.

एका वर्गाची 4,500 रुपये फी भरून अर्ज केला, 2014 पासूनच्या वापराचं प्रतिज्ञापत्र जोडलं. त्या आधीच्या नोंदणीवरून हरकत निघेलच. उत्तराची फाइल तयार ठेवली आहे. अक्कांना बजावलंय, नव्या पाकिटावर 'टीएम' छापा, वर्तुळातला 'आर' नको. नोंदणीआधी तो छापणं गुन्हा आहे.