सतराव्या वचनापाशी

काल सकाळच्या उपासनेत दादांच्या नातीने जुन्या करारातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला, आणि सतरावे वचन संपताच पवित्र शास्त्र मिटून ती आपल्या जागी जाऊन बसली. पुढची दोन वचने राहूनच गेली. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडे पाहिले, तेवढ्यात पेटीवर सूर धरला गेला आणि सगळे गीतासाठी उभे राहिले. घडले ते इतकेच. त्या दोन वचनांवाचून कोणाचे काही अडले नाही. मला तर त्या क्षणी चक्क सुटल्यासारखे वाटले, आणि असे का वाटावे, याने कालपासून मन अस्वस्थ आहे.

सतराव्या वचनात नुकसानीची यादी आहे. अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. अठराव्यात संदेष्टा म्हणतो की, असे असले तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आमच्या घराघरांतल्या कॅलेंडरांवर हे अठरावे वचन डोंगराच्या नाहीतर सूर्योदयाच्या चित्राखाली छापलेले असते. सतरावे छापलेले कॅलेंडर मी आजवर पाहिलेले नाही.

यंदा सतरावे वचन कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. थंडी उशिरा आली, आमच्या आंब्यांना मोहर आला त्यावर अवकाळी पाऊस पडला, मागोमाग तुडतुड्यांची कीड आणि भुरीचा रोग, आणि एवढ्यातूनही जे वाटाण्याएवढे धरले होते ते पुनर्मोहराने घालवले. हापूसची ही खोड जुनीच आहे. पहिल्या मोहराला फळ धरलेले असताना थंडी लांबली की झाड पुन्हा मोहरते, सगळा जोर नव्या मोहराकडे वळवते आणि आधीची कैरी गाळून टाकते. नव्या आशेपायी हातचे घालवणारे झाड, असे वाक्य आता पेनाच्या टोकाशी आले आहे. ते उपदेशात शोभेल, इथे नको. फवारण्यांचे बिल देऊन झाले, वाशीच्या बाजाराला गेलेल्या पेट्यांचा हिशेब आला, आणि त्या दोन आकड्यांची वजाबाकी मी अजून वहीत मांडलेली नाही.

मला खरोखर कशाचा कंटाळा आला असेल, तर तो धीराच्या शब्दांचा. तुमच्यासारख्या प्रार्थना करणाऱ्या बाईने खचायचे नसते, असे मला सगळीकडून सांगण्यात येते. हे गेल्यापासून तर माझ्या खचण्यावर मंडळीचे बारीक लक्ष आहे. मी गप्प बसले तर माझा विश्वास कमी झाला असे धरतात आणि हसले तर प्रभूचा महिमा म्हणतात. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी नुसते दमून बसायला एखादे बाक असावे, असे मला फार वाटते. काल ती पोर सतराव्या वचनापाशी थांबली तेव्हा ते बाक मला मिळाले असावे. आनंद करीन असे म्हणण्याची पाळी आली नाही, म्हणून मी सुटले. पण आशेचा शब्द न ऐकल्याने ज्या बाईला बरे वाटते, तिने इतकी वर्षे त्या देवळात बसून केले तरी काय?

रात्री झोप येईना म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ काढून बसले. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि लक्ष्मीबाईंना त्या वाटेवर यायला आणखी पाच वर्षे लागली. मधल्या दिवसांची हकीकत त्यांनी लिहिली तेव्हा त्यांना पुढचे सगळे ठाऊक होते. नवऱ्याने धर्म सोडला म्हणून ज्या बाईने आकांत केला, तीच बाई पुढे ख्रिस्ती झाली आणि टिळक १९१९ साली वारले तेव्हा अर्धवट राहिलेले त्यांचे ख्रिस्तचरित्राचे काव्य ‘ख्रिस्तायन’ तिनेच पुरे केले. एखादीने लिहिताना त्या आकांतावर हलकेच पडदा टाकला असता, देवाची योजना होती म्हणून मोकळी झाली असती. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. शेवट कळलेला असूनही त्या दिवसांचे दुःख त्या पुरे वजनाने मांडतात, वर स्वतःलाच हसतात, आणि कोठेही घाईने अठराव्या वचनाकडे पळत नाहीत. मराठी ख्रिस्ती साहित्यात बोधपर पुष्कळ आहे; हे धैर्य मला थोड्याच ठिकाणी दिसले.

मग हबक्कूक पहिल्यापासून वाचला. तीनच अध्याय आहेत, अर्ध्या तासात होतात. सुरुवातच तक्रारीने आहे: मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? त्यावर देव जे उत्तर देतो ते दिलाशाचे नाही; खास्दी, म्हणजे बाबेलचे सैन्य, येत आहेत, म्हणजे आहे त्याहून वाईट येत आहे. संदेष्टा पहाऱ्याच्या बुरुजावर चढून वाट पाहतो. मी शेवटपर्यंत शोधले, पण अंजीर काही फुलत नाही. एकोणिसाव्या वचनात हरिणीचे पाय आहेत, उंच ठिकाणे आहेत, आणि त्यानंतर मुख्य गवयासाठी तंतुवाद्यांची सूचना देऊन पुस्तक संपते. गोठ्यात एकही गाय परत आलेली नाही. म्हणजे अठराव्या वचनाने सतरावे खोडले जात नाही. मी मात्र लहानपणापासून ते खोडलेलेच ऐकत आले. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत हबक्कूकवरच्या भाष्याची जी गुंडाळी सापडली, तिच्यात पहिले दोनच अध्याय आहेत, तिसरा नाहीच. विद्वान त्याची कारणे सांगतात. मला त्यांच्या कारणांपेक्षा दादांच्या नातीला दोन हजार वर्षांपूर्वीची सोबत मिळाली याचेच हसू आले.

हे उमगले म्हणून अठरावे वचन माझ्या तोंडून सहज निघते असे नाही. आज संध्याकाळी पाळकसाहेबांना विचारले, पुढच्या रविवारी माझ्या वाचनाला अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र चालेल का. त्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, पुढे वाचायचे राहून जाण्याची सोयच नाही. ते म्हणाले, “बाई, त्या दिवशी बाप्तिस्मा आहे, बाळाकडची माणसे मुंबईहून येणार, जरा दुसरे काही पाहा.” मी सत्त्याऐंशीवे घेतले आहे. सातच वचने आहेत आणि शेवटी गाणारे-नाचणारे आहेत, पाहुण्यांना आवडेल.

पुतण्याचा पनवेलहून पुन्हा फोन होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जी कलमे आडवी झाली, त्या जागेवर ह्यांनी नवी लावली, आणि ती आता कुठे धरू लागली आहेत, तर तोच तुकडा विकून टाका म्हणतो. गिऱ्हाईकही त्याच्याकडे तयार आहे. त्याचे बोलणे ऐकता ऐकता मला जुन्या करारातला दुसरा संदेष्टा यिर्मया आठवला. यरुशलेमला खास्द्यांचा वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ हनामेल येऊन सांगतो की अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. तो सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदार करतो, खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेववतो. आणि एवढे सगळे रीतसर झाल्यावर देवाला विचारतो की, शहर तर शत्रूच्या हाती चालले आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, हे काय? प्रश्न आधी विचारून मग व्यवहार करण्याची आमची पद्धत त्याने पाळली नाही. तिथे चुलतभाऊ विकत घे म्हणतो, इथे पुतण्या विकून टाक म्हणतो, आणि दोघेही नात्याच्या हक्काने बोलतात.

“काकू, नीट विचार करा,” तो म्हणाला. मी केला आहे असे सांगितले; तुकडा विकायचा नाही, पावसाआधी खत घालायचे आहे, रविवारी येऊन गडी पाहून दे. कारण विचारले तेव्हा यिर्मयाचे नाव काढले नाही, कारण शास्त्रातले काही निघाले की तो फोन ठेवायच्या घाईत असतो. सध्या भाव पडलेला आहे, एवढेच म्हटले. ते खोटेही नाही, आणि वेढ्यातल्या अनाथोथला तरी तो कितीसा असेल!