लॉगशीटमधलं साडेसात

आमच्या केमिकल कारखान्याच्या बॉयलर हाउसच्या लॉगशीटवर ‘वाफ, टन प्रति तास’ असा एक रकाना आहे. त्यात दर तासाला 7.5 लिहिलेलं असतं. पहाटे चारलाही साडेसात, दिवाळीत निम्मा प्लांट बंद असतानाही साडेसात. खाली सही माझी.

मेन हेडरवरचा, म्हणजे वाफेच्या मुख्य पाइपवरचा, फ्लोमीटर बंद पडून इतका काळ लोटलाय की काचेच्या आत कोळ्यानं संसार मांडलाय. नव्या मीटरचं मागणीपत्र मी तीनदा टाकलं. पंप बंद पडला की पर्चेसवाले धावतात. मीटर बंद पडला तर प्लांट चालूच राहतो, मग कोण विचारतो? साडेसात हा आकडा कोळशावरून काढलेला. टनामागे पाच टन वाफ, असा कुणीतरी केव्हातरी बांधलेला अंदाज.

मे महिन्यात युरोपातल्या एका ग्राहकानं विचारलं, तुमच्या मालाच्या किलोमागे कार्बन किती? आमच्या कोळशाच्या टनाला साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे उत्तर देणं कुणालाच नको होतं. त्यात 2024च्या डिसेंबरात न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशननं उद्योगांकडून 220 मेगावॉटच्या अणुभट्ट्यांसाठी प्रस्ताव मागवल्यापासून वरच्या मजल्यावर कोळशाऐवजी अणुभट्टीच्या वाफेचा विषय घोळत होताच. हेड ऑफिसनं एका सल्लागारांना आमच्याकडे, नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत, धाडलं. बाहेर पंचेचाळीस, बॉयलरसमोर त्याहून किती ते विचारू नका.

गृहस्थ जड पाण्याच्या, म्हणजे अणुभट्टीत वापरतात त्या पाण्याच्या, कारखान्यातून निवृत्त झालेले. साहेबांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, “पण अणूच्या वाफेवर केमिकल प्लांट चालतो का?” ते म्हणाले, “रावतभाट्याला आम्ही तेच करत होतो.” राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुवीज केंद्राची वाफ शेजारच्या जड पाण्याच्या कारखान्याला. जड पाणी वेगळं काढायला हायड्रोजन सल्फाइड वायू आणि पाणी उंच टॉवरांतून एकमेकांसमोरून जातात, थंड टॉवर तीस अंशांच्या आसपास, गरम एकशे तीसच्या. त्या एकशे तीससाठी वाफ लागते, आणि तीही अखंड.

मग आमचा हिशोब मांडला. भारतीय जड पाण्याच्या भट्टीतून वाफ निघते ती सुमारे अडीचशे अंशांची. आमचं हेडर साडेदहा किलो दाबावर, म्हणजे एकशे शहाऐंशी अंश. डिस्टिलेशन, ड्रायर, जॅकेट, सगळ्यांची भूक तिथंच संपते. इतकी वर्षं मला वाटायचं की केमिकलच्या धंद्याला कोळशाची आगच लागते. स्टीलला, सिमेंटला लागत असेल. आम्ही फक्त पाणी उकळवतो.

तेवढ्यात बॉयलरची आग सांभाळणारे आमचे फायरमन काका म्हणाले, “साहेब, म्हणजे अणूवाली वाफ येऊन राह्यली का आपल्याकडं? मालात नाही ना उतरनार?” साहेब हसले. सल्लागार हसले नाहीत. त्यांनी काकांच्याच खडूनं फरशीवर तीन गोल काढले. पहिल्यात भट्टीतलं जड पाणी, दुसऱ्यात टर्बाइनची वाफ, तिसऱ्यात आपली. गोलांच्या मधे नळ्यांची भिंत. उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही. नळी फुटलीच तर कळावं म्हणून पलीकडे किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं. काकांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “आणि ते भट्टीच बंद पडली तं?”

दिवसभरातला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. रावतभाट्याला त्यासाठी तेलावरचे बॉयलर ठेवले होते, सल्लागार म्हणाले. म्हणजे कोळसा गेला तरी काकांची नोकरी शिल्लक. काका खूश.

आता आकार. 220 मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीची उष्णता साडेसातशे मेगावॉटच्या घरात. आमचा ताशी दहा टन वाफेचा बॉयलर पूर्ण भारावर जेमतेम सात मेगावॉटचा. असे शंभरावर बॉयलर एका पाइपवर हवेत. चीनमध्ये तियानवानला जून 2024 पासून अशी वाफ पेट्रोकेमिकल कारखान्यांना जाते, वर्षाला 48 लाख टनांच्या क्षमतेची. तेवढी वाफ करायला आमचा बॉयलर चोवीस तास पळवला तरी पंचावन्न वर्षं लागतील. म्हणजे अख्खी वसाहत एकत्र यायला हवी. आणि आमच्याकडे शेजारच्या प्लॉटशी सामाईक नाल्यावरून पटत नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “तुमचा लोड, म्हणजे वाफेची मागणी, कशी आहे? सपाट?”

साहेबांनी लॉगशीट पुढे केली. साडेसात, साडेसात, साडेसात. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलले काही नाहीत. फीड वॉटरचा, म्हणजे बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचा, मीटर चालू आहे का, एवढंच विचारलं. तो चालू होता.

दुपारभर काका आणि मी दर पाच मिनिटांनी त्या मीटरचा आकडा लिहून घेत बसलो. पाच मिनिटांत बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी थोडी हलते, तेवढा फरक सोडून देऊ. अडीचला ताशी तीन टन. तीनला प्रॉडक्शननं तीन रिअ‍ॅक्टर (अणूचे नव्हेत, आमची रसायनं शिजवायची भांडी) एकदम गरम करायला घेतले आणि दहा मिनिटांत नऊ पूर्णांक चार. चारला पुन्हा साडेतीन. कुठली बॅच केव्हा चढवायची हे बॉयलरला विचारून ठरवावं, हे मी पूर्वी मीटिंगमध्ये म्हणालो होतो, तेव्हा हशा पिकला होता. वाफ फुकट असते ना!

सल्लागारांनी आलेख पाहिला. “असं गिऱ्हाईक अणुभट्टीला नको असतं,” एवढंच म्हणाले. तिला दिवसरात्र एकसारखा भार हवा. रिअ‍ॅक्टर पाळीपाळीनं तापवले तर आमचा भार बराच सपाट होईल. त्याला ना अणू लागतो ना पैसा, प्रॉडक्शनच्या शिफ्ट इन्चार्जनं फोन उचलायला लागतो.

संध्याकाळी फॉर्म भरायला बसलो. ‘सरासरी वाफ मागणी’ला एकच चौकोन. मी लिहिलं, 3 ते 9.4. साहेब म्हणाले, “रेंज नाही चालत, एक आकडा दे.” अर्ध्या दुपारच्या मोजणीवरून खरी सरासरी कुठून देणार? साडेसात लिहावं तर निदान वर्षानुवर्षांच्या कागदांशी जुळतं.

फॉर्म अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. काल रात्रपाळीची लॉगशीट सहीसाठी आली. पहिल्यांदाच त्यात 4.1, 5.8, 8.9 असे आकडे होते. काकांनी फीड मीटर पाहून लिहिले होते. शिफ्ट इन्चार्जनं त्यावर लाल पेनानं गोल करून विचारलंय, ‘व्हेरिएशन का?’