मुंजा गुप्तहेर आणि नहपानाची चांदी

रविवार, संध्याकाळ.

भिंतीतून आरपार जाणारा भूत-गुप्तहेर खजिनाशोधाच्या खेळाची माती करतो. सगळं त्यालाच दिसलं तर पोरांनी शोधायचं काय? म्हणून सुट्टीतल्या खजिनाशोधाला मुंजा बरा. पिंपळ सोडायची मुभा नाही, सोडमुंज राहिल्यामुळे सदा किरकिरा. गटाने पारावर येऊन विचारायचं, त्याने फक्त हो-नाही म्हणायचं, तेही तीनदाच. चौथा प्रश्न हवा तर त्याला मूठभर चिवडा द्यायचा.

खजिना मात्र खरा घ्यावा. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. हरलेल्याचा चेहरा आणि त्याच्यावरच जिंकणाऱ्याची खूण! गुप्तहेराला याहून मोठा पुरावा कुठला?

खेळातली नाणी म्हणजे शाडूच्या रुपयाएवढ्या वीस चकत्या, जाडी चार-पाच मिलिमीटर. ओल्या मातीवर चेहऱ्याचा ठसा. चौदांवर दुसरा, तीन कमानींच्या टेकडीचा. प्रमाण खऱ्याच्या जवळ जातं. दुसरा ठसा माती बोटाला चिकटेनाशी झाली की लगेच मारायचा. आधी मारला तर चेहरा पुसतो, पूर्ण वाळल्यावर मारला तर चकती तडकते. उरलेल्या सहांच्या पाठीवर एकेक अक्षर: स, र, का, र, वा, डा. म्हणजे नाशिकचा जुना सरकारवाडा. पण नाण्यांची पेटी वाड्यात लपवायची नाही, जुन्या वास्तूत खोदकाम-चिकटवणं नकोच. बाहेर उभ्या गड्याच्या पिशवीत ठेवायची.

लिंबाच्या रसाची चिठ्ठी जाड कागदावरच लिहावी. पातळ कागद सुरकुततो आणि न वाचताच अक्षर कळतं. इस्त्री मोठ्यांच्या हातात, वाफ बंद.

गंगेवरचं, म्हणजे गोदावरीवरचं, कोडं फसवं. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागलं यावरून नाशिककर पूर मोजतात, त्यामुळे तिथलं कोडं सुचतंच. पण धरणातून पाणी सुटलं की खालच्या पायऱ्या बुडतात. चिठ्ठी तिथे नको, पोरंही नकोत. लांबून बघून उत्तर देता येईल असंच विचारावं. ‘तोंडं किती?’ हे तर अजिबात नको, नावातच उत्तर!

चारही गटांना एकाच चिठ्ठीपासून सोडलं की पारावर रांग लागते आणि मागचे पुढच्यांचे हो-नाही ऐकतात. प्रत्येकाला वेगळी पहिली चिठ्ठी द्यावी. आणि मुंजाला बसायला पोतं. पिंपळाखाली मुंग्या फार.