सरीचं तोंड बुजलेलं होतं

सकाळी सहाला फोन आला तेव्हा पाऊस थांबून तासभर झाला होता. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर रात्रीतून आकडा शंभर मिलिमीटरच्या वर गेलेला. ६५ ओलांडले की नोंद अतिवृष्टीची होते. पण वावराचा हिशेब लिटरमध्ये करून पाहावा: १०० मिलिमीटर म्हणजे एका एकरावर चार लाख लिटर पाणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली ती भारी काळी जमीन आधीच्या चार दिवसांच्या झडीनं गच्च भरली होती. नवं पाणी मुरायला जागाच नव्हती.

पाच एकरांत बीबीएफ यंत्रानं, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धतीनं, सोयाबीन पेरलेलं. वरंबा, म्हणजे पेरणीचा उंच पट्टा, १२० सेंटिमीटरचा, त्यावर ३० सेंटिमीटरवर चार तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, आणि दोन्ही बाजूंना दीड फूट रुंदीच्या सऱ्या, म्हणजे पाणी वाहायचे चर. पीक फुलोऱ्याच्या तोंडाशी आलेलं. आणि सगळ्या सऱ्या काठोकाठ भरलेल्या.

“सायेब, पाणी काढाले सऱ्या पाडल्या म्हने, अन् सऱ्यायचंच तळं झालं ना जी,” वावराचे मालक काकाजी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, म्हणाले.

त्यांचं म्हणणं खरं होतं. सरीतून चालत खालच्या टोकाला गेलो तेव्हा कारण पायालाच लागलं. ट्रॅक्टर वळवायला चालक धुऱ्याच्या आठ-दहा फूट अलीकडे यंत्र उचलतो. तेवढ्या पट्टीत सरी पडतच नाही. मग ती पट्टी वाया जाऊ नये म्हणून तिच्यात आडवी पेरणी करतात. म्हणजे प्रत्येक सरीच्या तोंडाशी सपाट जमिनीचा बांध, आणि त्याच्या मागं धुरा. पाणी जाणार कुठं?

एक झाड मुळासकट उपटलं. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना नत्र धरायला हवा लागतेच. गाठ नखानं फोडून पाहिली की पिकाची खरी हालत कळते. आत गुलाबी-लाल दिसलं तर ती जिवंत, राखाडी किंवा हिरवट दिसलं तर मेलेली. खालच्या टोकाच्या झाडांच्या बहुतेक गाठी राखाडी झाल्या होत्या. वावराच्या मध्यावर मात्र अजून गुलाबी होत्या. म्हणजे वेळ होता, पण दिवसाचाच.

पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन मापाच्या काठ्या घेऊन उतार मोजला. सरीत १० मीटरला ५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा टक्का. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेनं काळ्या जमिनीसाठी ही पद्धत बसवली, तेव्हा सरीला ०.४ ते ०.८ टक्के उतार धरला होता. म्हणजे सऱ्यांची दिशा बरोबर होती, फक्त तोंड बंद होतं.

चौघांनी फावडी घेतली. आडव्या पेरणीची पट्टी मोडून सगळ्या सऱ्यांची तोंडं जोडणारा दोन फुटी चर नाल्याकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत नेला. उभं पीक खणताना काकाजींचा हात थांबत होता. ते साहजिकच आहे. कोपऱ्यात धुरा फोडताना मात्र घाई करू नये. फोडलेल्या तोंडाचा तळ चराच्या तळाएवढाच ठेवायचा आणि त्यावर दगड बसवायचे. तळ खोल गेला की पाणी तिथून माती कापत वर सरकतं आणि पुढच्या पावसात घळ वावरात शिरते. पाणी शेजाऱ्याच्या वावरात सोडलं तर भांडण ठरलेलं, म्हणून नाल्यापर्यंतची वाट आधी चालून पाहायची. दुपारी दोनपर्यंत वरंबे मोकळे झाले.

नाल्यापलीकडच्या वावरात उलटा प्रकार दिसला. तिथं यंत्र उताराच्या दिशेनंच चालवलेलं, १० मीटरला २० सेंटिमीटर पडत. सऱ्या वीतभर कापल्या होत्या आणि वरची सुपीक माती खालच्या धुऱ्याशी गोळा झाली होती. चालकाला एकरावर पैसे मिळतात, वळणं जितकी कमी तितकं डिझेल वाचतं, म्हणून तो लांबीच्या बाजूनं चालवतो. पेरणीआधी अर्धा तास नळी धरून उतार पाहिला असता तर ही माती जागेवर राहिली असती. याचं फार वाईट वाटतं, कारण यंत्राखाली किती एकर आले हे सगळीकडे मोजलं जातं, सरी कुठं उघडते हे कोणी विचारत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांसह झालेल्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीनं वाढल्याचं दिसलं. अशी रात्र आता धरूनच सरी पाडायला हवी.

वाफसा आल्यावर, म्हणजे जमीन कामाजोगी सुकल्यावर, वरंब्यावर हलकी डवरणी (कोळपणी) केली आणि २ टक्के युरियाची फवारणी, म्हणजे १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम. गाठी पुन्हा कामाला लागेपर्यंत पिवळ्या पानांना तेवढा आधार. खालच्या टोकाची झाडं गेली, बाकी उभी राहिली.

कोपऱ्यातल्या तोंडाशी काकाजींनी रेतीचं अर्धं पोतं आणून ठेवलं आहे. पावसात खंड पडला की ते आडवं लावून सरीत वीतभर पाणी धरायचं, ढग भरले की बाजूला करायचं.